वीस डिग्रीच्या खोलीतलं कुंकू

नाव: वंदना केरू रोकडे. वय: त्रेचाळीस. राहणार: मु. पो. किन्हवली, ता. शहापूर, जि. ठाणे. पद: मदतनीस (अकुशल). कामाचे स्वरूप: साफसफाई, चहापाणी व वरिष्ठ वेळोवेळी सांगतील ते. ताब्यातील साधने: झाडू एक, बादली एक, फडकी चार. विशेष कौशल्य: निरंक. शेरा: सदर कर्मचारी महिलेस उलट विचारण्याची सवय आहे, समज देण्यात आली.

हे सगळं कंपनीच्या फाइलीत रीतसर टाइप केलेलं आहे. नावापुढे वडील आहेत, नवरा का नाही, यासाठी फॉर्मात रकाना नव्हता. त्यामुळे ती माहिती उपलब्ध नाही. रकाना नसलेल्या आणखीही काही गोष्टी आहेत.

कंपनी म्हणजे मुरबाडच्या एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड. नवख्याला ती कोंबड्यांची वाटते. आत तीन खोल्या आणि त्यातली मधली बारा महिने वीस डिग्रीवर ठेवलेली. मुंबईत विमानं दुरुस्त करणारा एक हँगर आहे. तिथली मोजायची हत्यारं वर्षातून एकदा या खोलीत मुक्कामाला येतात. नट हवा तेवढा आवळला गेला की 'टक्' करून सांगणारे टॉर्क रेंच, भोकाचा व्यास सांगणारे गेज, केसाचीही जाडी धरणारे मायक्रोमीटर. तिथला मेकॅनिक ज्या मापावर विसंबतो ते माप खरं बोलतंय का, हे इथे बघायचं. कागदावर हे अनिकेतसर बघतात. अनिकेतसर इंजिनिअर आहेत आणि त्यांची सही फार सुबक आहे.

मापांचंही माप असतं. ते एका लाकडी पेटीत राहतं. एकशे बारा पोलादी तुकडे, प्रत्येकावर त्याची लांबी कोरलेली, आणि ती लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही आत खात्रीची. याला मास्टर सेट म्हणतात. दोन तुकडे पुसून एकमेकांवर सरकवले की डिंकाशिवाय चिकटतात. मधे धुळीचा कण असला की चिकटत नाहीत. आणि उघडं बोट लागलं तर काही दिवसांत बोटाखालच्या जागेला गंज धरतो. म्हणून खोलीचा नियम एकच: हातमोज्याशिवाय शिवायचं नाही. तो भिंतीवर इंग्रजीत लावलेला आहे. मराठीत तो वंदना लावते.

चौदा वर्षांपूर्वी ती लादी पुसायला आली. तेव्हा मोजणीचं काम शहापूरचे साईनाथमामा बघायचे. मोठा कसबी माणूस, पण त्यांच्या तळहातांना सतत घाम. "काय काय माणसांच्या हातालाच गंज असतो," ते म्हणायचे, "माझ्या हाय. मोज्यातूनपण उतरतो." एकदा त्यांनी बादली खाली ठेवायला लावून वंदनाचा हात बघितला, ज्योतिषी बघतो तसा उलटा सुलटा. हात खडखडीत कोरडा होता. "तुझ्या हातात पोलाद टिकंल," ते म्हणाले. वंदनाचं भविष्य एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

पुढची सहा वर्षं ती सकाळी लादी पुसायची आणि दुपारी मोजायला शिकायची. तुकडा सरकवताना बोटाला जी ओढ लागते तिच्यावरून तो बसला की नाही, हे तिला न बघता कळायला लागलं. साईनाथमामा निवृत्त झाले, अनिकेतसर आले, आणि कामाची वाटणी आपोआप झाली. ती मोजायची, ते लिहायचे.

"बाई, काय आलं?"

"उणे दोन."

"दोनच?"

"दोन. पायजे तर तीन लिहा, पण आलंय दोन."

ही सवय घरची. तिचा बाप केरू भातसानगरला रोजंदारीवर होता. धरणाच्या पाण्यात उभी केलेली पट्टी वाचायची आणि आकडा ओरडून सांगायचा, हे त्याचं काम. वही दुसऱ्याच्या हातात. पट्टी वाचणाऱ्याला पगार कमी आणि लिहिणाऱ्याला जास्त, ही रीत त्याला कधी कळली नाही, आणि न कळल्याचं त्याने लपवलंही नाही.

मे महिन्यात किन्हवलीहून सकाळच्या मुरबाड गाडीत एक बाई मांडीवर स्वेटर घेऊन बसते, याची स्टँडवर आता सवय झाली आहे. नव्या कंडक्टरने एकदा विचारलं होतं, "काय ताई, काश्मीर का?"

"मुरबाड एक. सुट्टे हायेत."

विमानात बसायची तिला हौस नाही. आत काय काय सैल असू शकतं, हे तिला माहीत आहे.

आता कुंकवाचं.

खंडेनवमीला या भागात हत्यारं पुजतात. कोयता, विळा, नांगर, रिक्षा, पिठाची चक्की, ज्याचं जे असेल ते. मालक जीवनशेठ हे धसईच्या शेतकरी घरातले. शेड उभी राहिली त्या वर्षापासून त्यांच्याकडे पाट मांडला जातो. गेल्या वर्षी त्या दिवशी वंदना नागपूरच्या गाडीत होती. दुसऱ्या दिवशी दसरा, दीक्षाभूमीला जायचं, म्हणून तिने रजा टाकली होती आणि खोलीची चावी अनिकेतसरांच्या हातात दिली होती. परत आली तेव्हा पेटी जागेवर, तुकडे ओळीत, सगळं शिस्तीत. तीन आठवड्यांनी पंचवीस मिलिमीटरचा तुकडा पन्नासच्या तुकड्यावर चिकटेना. उजेडात धरला तर पोटावर तांबूस डाग.

सेट बंगळूरला गेला, दीड महिना तिकडेच राहिला, हँगरची हत्यारं ताटकळली. पंचवीसचा तुकडा बाद झाला. चौकशी झाली, म्हणजे अनिकेतसरांनी सगळ्यांना एकेकदा विचारलं. पूजेला पेटी पाटावर होती, पण बंद होती, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग तुकड्यांपाशी फडकं घेऊन जाणारं माणूस एकच उरलं. वंदनाला मेमो मिळाला: ओल्या फडक्याने पुसण्याचा निष्काळजीपणा, पुन्हा असे घडल्यास सेवा समाप्त.

"मी इतक्या वर्षांत त्या खोलीत ओलं फडकं नेलेलं नाय," ती म्हणाली.

"तसं लेखी द्या," अनिकेतसर म्हणाले.

तिने दिलं. ते फाइलीत लागलं नाही.

या वर्षी ती नागपूरला गेली नाही. खंडेनवमीला सकाळी आठलाच आली, लादी पुसली, मधली खोली बंद केली आणि चावी पदराच्या टोकाला बांधली. दारात नम्रता झेंडूची माळ ओवत बसली होती. नम्रता सर्टिफिकिटं टाइप करते. तिला शेडमधलं सगळं माहीत असतं, पण टाइप करायला सांगितलं तरच ते बाहेर येतं.

"ताई, या वर्षी नागपूर नाय?"

"नाय. या वर्षी पहारा हाय."

नम्रताने पुढचं फूल घेतलं. पहारा कशाचा आणि कशासाठी, हे तिला कळत होतं. सोमवारी हँगरचा माणूस सेट तपासायला यायचा होता. सेटला पुन्हा डाग लागला तर हँगरचं काम कंपनीच्या हातून जाणार आणि दुसरा मेमो वंदनाला. सेट द्यायला नकार दिला तर मालकाचं ऐकलं नाही म्हणूनही दुसरा मेमो वंदनालाच. दोन्ही रस्ते एकाच स्टँडवर जात होते. मग निदान तुकडे तरी धड राहावेत, असा वंदनाचा हिशेब होता.

अकराच्या सुमाराला जीवनशेठ गाडीतून उतरले. सोबत त्यांची आई गुणाबाई, धसईहून, मांडीवर पूजेचं ताट धरून आलेली. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई. मुलगा शेठ झाला याचं तिला कौतुक होतं, पण तो नेमकं काय विकतो हे तिला अजून कुणी नीट सांगू शकलं नव्हतं. पाट मांडला गेला. त्यावर स्क्रूड्रायव्हर, पाने, हातोडी.

"वंदे, पेटी आण," जीवनशेठ म्हणाले.

"पेटी आत बरी हाय, शेठ."

"पूजेला ठेवायची. उघडायची नाय, नुसती पाटावर."

"मागल्या वर्षीपण नव्हतीच ना उघडली."

नम्रताने एकाच फुलातून सुई दुसऱ्यांदा घातली. अनिकेतसर पुढे आले. समजूतदारपणा हा त्यांचा आवडता सूर होता. "बाई, भावनेचा प्रश्न आहे. तुमच्यात हे चालत नसेल, आम्ही समजू शकतो. तुम्ही बाहेर थांबा. चावी द्या, मी आणतो."

"आमच्यात काय चालतं ते आज मोजायला घेतलेलं नाय, साहेब. वीस डिग्रीच्या खोलीत कुंकू चालत नाय. ते तुमच्यातपण चालत नाय. भिंतीवर तुमीच लावलंय."

"मग पूजेला ठेवायचं काय? पाने न् हातोडी?" जीवनशेठ म्हणाले. "ज्याच्यावर आपलं पोट, ते हत्यार नको पाटावर?"

"झाडू ठेवा. फाइलीत माझं हत्यार तेच हाय."

"वंदना, चावी."

"देते. आधी वहीत लिवा."

सेट खोलीबाहेर न्यायचा तर वही लिहायची, हा नियम हँगरवाल्यांनी घातला होता आणि अनिकेतसरांनी तो सुबक रेघा मारून अमलात आणला होता. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, कोणी नेला, कशासाठी, सही. वंदनाने वही टेबलावर उघडली आणि पेन आडवं ठेवलं. अनिकेतसरांनी तारीख लिहिली, वेळ लिहिली. काचेतून आकडा बघून तापमान लिहिलं, वीस पूर्णांक एक. स्वतःचं नाव लिहिलं. मग पेन थांबलं.

"स्वच्छता," ते पुटपुटले. "स्वच्छतेसाठी, असं लिहितो."

"स्वच्छता माझं काम. दुसरं लिवा."

"लिही ना रे पूजा म्हणून," जीवनशेठ म्हणाले. "देवाची कसली लाज?"

"सोमवारी हँगरचा माणूस वही बघणार, शेठ."

अनिकेतसरांनी पेनाला टोपण लावलं. त्या शेडमध्ये देवापेक्षा ऑडिट मोठं आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. ते असं चारचौघांत उघडं पडायला नको होतं, इतकंच.

एवढा वेळ प्लास्टिकच्या खुर्चीत गप्प बसलेली गुणाबाई आता बोलली. "काय गो, तुला इटाळ होतो काय आमच्या देवाचा?"

तो शब्द त्या बाजूकडून या बाजूला असा पहिल्यांदाच आला असावा. वंदनाच्या आजोबांना सुगीत मजुरीचं भात मिळायचं, तेव्हा देणारा पायली हातभर उंच धरून ओतायचा. माप आजोबांच्या धोतराच्या सोग्याला लागता कामा नये. पायली शिगोशीग भरली की उणी, हे हात लावून बघायची सोय नव्हती; "लाभ, दोन, तीन" असा, एकाऐवजी लाभ म्हणणारा, देणाऱ्याचा आवाज ऐकायचा आणि सोगा बांधायचा. त्याच म्हाताऱ्याची नात आज दारात उभी राहून सगळ्या शेडला सांगत होती, मापाला शिवू नका. वंदनाला हे सुचलं नाही असं नाही. तिला त्याची भरपूर मजा वाटली, आणि ती तिने चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

"व्हतो, आजी," ती म्हणाली. "देवाचा नाय, हाताचा. कुणाच्याबी हाताचा. माझ्यासुद्धा. म्हणून तर मोजे."

"देवाच्या कुंकवानं काय वाईट व्हतंय?"

"देवाचं मला ठाऊक नाय. लोखंडाचं दावू?"

तिने कपाटातून एक लाल डबी आणली. बाद झालेला पंचवीसचा तुकडा वर्षभर तिच्यात होता. बाद माल फेकायचा नसतो, जपून ठेवायचा असतो, हाही एक नियम. मोजे घालून तिने तो पांढऱ्या कापडावर ठेवला आणि वर स्टँडचं भिंग ओढलं. "फाइलीत हा डाग माझ्या ओल्या फडक्याचा हाय, आजी." बाद झालेल्या तुकड्यासाठी मोजे कशाला, असं अनिकेतसर म्हणणार होते, म्हणाले नाहीत.

गुणाबाई वाकली. भिंगाखाली तांबूस डाग तळहाताएवढा दिसत होता.

"ह्यो तर टिळा," ती लगेच म्हणाली. साठ वर्षं देवाला, हत्यारांना न् बैलांना टिळे लावलेली बाई. तिला सर्टिफिकीट लागत नव्हतं. "बोट खाली दाबलंय न् वर वढलंय. फडक्यानं असं व्हत नाय."

हे वंदना वर्षभर बोलत होती.

गुणाबाई मात्र उठेना. जिथे बोट दाबलं होतं तिथे गंजाने ठसा अख्खा उतरवला होता. "बांध घातल्यावानी रेघा हायेत गो," ती म्हणाली. "खाचरंच खाचरं. न् ह्यो मधनं आडवा पाट कुणी काढलाय?" ठशाच्या मधून एक कोरी, तिरकी रेघ गेली होती. ती रेघ वंदनानेही पाहिली होती, कितीदा तरी. ती कुणाच्या बोटाची, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि शोधायचंही नव्हतं. आपल्या बोटाची नाही, एवढं तिला पुरेसं होतं.

गुणाबाई बराच वेळ बघत राहिली. मग मान न वळवता म्हणाली, "जीवन, हात दाव. उजवा."

"आई, मुहूर्त टळतोय."

"टळू दे. दाव."

जीवनशेठांनी हात पुढे केला. करंगळीशेजारच्या बोटावर, नेमका टोकाला, जुना तिरका व्रण होता. नऊ वर्षांचा असताना बांधावर गवत कापताना विळा लागलेला. गुणाबाईने ते बोट धरून भिंगाखाली तुकड्याशेजारी ठेवलं. मोजे नव्हते, पण वंदनाने ते चालवून घेतलं. तुकडा बादच होता.

"हळद मीच भरली व्हती ह्याच्यात," गुणाबाई म्हणाली. "लुगडं फाडून बांधलं व्हतं."

जीवनशेठांनी बोट मागे घेतलं.

"एकच लावला असंल," जीवनशेठ शेवटी म्हणाले. "शास्त्रापुरता."

"धसईच्या बाजारात एक व्यापारी पायलीच्या बुडाला आतनं मेण लावायचा," गुणाबाई म्हणाली. "मेला त्याला चाळीस वर्सं झाली. लोक अजून त्याच्या नावानं थुकत्यात. त्यानं निदान दुसऱ्या कुणाचं नाव तरी नाय सांगितलं."

वंदनाने भिंग बाजूला केलं. "शेठ, माझा मेमो परत घ्या."

"झालं ना आता. सगळ्यांना कळलं."

"सगळ्यांना कळलेलं फाइलीत नसतं. कागदावर परत घ्या."

"बघू. सण होऊ दे."

"मग पेटीचंपण सण झाल्यावर बघू," वंदना म्हणाली आणि चावीची गाठ पुन्हा आवळली.

जीवनशेठांचा चेहरा लाल झाला. आईदेखत नोकरमाणसावर ओरडायची त्यांची पद्धत नव्हती. गुणाबाईने कापडावरचा तुकडा उचलला, उघड्या हाताने, आणि पाटावर हातोडीशेजारी ठेवला. "हा बाद हाय ना? मंग ह्यालाच मांडू. ह्याला काय व्हयाचं ऱ्हायलंय?" मग तिने त्याला ठसठशीत कुंकू लावलं, हळद लावली, फूल वाहिलं. वर्षभराची हौस एका तुकड्यावर फिटली. वंदना दाराशी उभी होती, हात जोडले नाहीत. कुणी जोडायला सांगितलंही नाही. खोबरं वाटलं तेव्हा गुणाबाईने तिला स्वतःच्या हाताने दिलं, हातावर हात ठेवून, वरून न टाकता. वंदनाने मोजा काढून घेतलं.

सोमवारी हँगरचा माणूस आला. एकशे अकरा जुने आणि पंचवीसचा नवा, सगळे तुकडे त्याने तपासले. एकालाही डाग नव्हता. मग वही मागितली, आणि नेमकी तीच नोंद त्याला दिसली: तारीख, वेळ, वीस पूर्णांक एक, नाव, 'कशासाठी' रिकामं, सही नाही.

"हे काय?"

अनिकेतसरांनी वंदनाकडे बघितलं. उत्तर देणं हे त्या दिवशी अकुशल काम ठरलं.

"पूजेला मागितला व्हता," ती म्हणाली. "दिला नाय."

त्या माणसाने तिच्याकडे बघितलं, तिच्या स्वेटरकडे बघितलं, आणि स्वतःच्या डायरीत काहीतरी लिहिलं. ते कुणाला वाचता आलं नाही.

आठवड्याने वंदनाला दुसरा मेमो मिळाला: वरिष्ठांच्या आदेशाचे पालन न करणे. खुलासा तीन दिवसांत. तिने त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, त्याच कागदाच्या खाली लिहिला: "आदेश ऐकला. पाळला नाही. पुढच्या वर्षीही पाळणार नाही." खाली सही केली, आणि सहीखाली पद लिहिलं, कंसासकट. पहिल्या मेमोत 'पुन्हा असे घडल्यास' असा शब्दप्रयोग होता, आणि हे काही 'असे' नव्हतं, त्यामुळे तूर्त सेवा समाप्त करता येत नाही, असं टिपण अनिकेतसरांनी जोडलं. सही सुबक होती. टिपणाखेरीज दुसरं काही कारण असल्यास त्याची नोंद नाही. पहिला मेमो परत घेतलेला नाही. वंदना दर महिन्याच्या एक तारखेला त्याची आठवण करून देते, लेखी. आतापर्यंत नऊ अर्ज झाले. दहावा लिहून तयार आहे.

फाइलीत पद तेच आहे. विशेष कौशल्यापुढे निरंकच आहे.

हँगरमधून हत्यारांची पेटी निघायच्या आधी आता फोन येतो. तिकडचा माणूस एकच विचारतो: रोकडेबाई आज कामावर आहेत का? नाहीत म्हटलं, तर त्या दिवशी पेटी निघत नाही.